फ्रीटिड्सहेम

फ्रीटिड्सहेम : स्वीडनमधील शाळकरी मुलांसाठी शाळा भरण्यापूर्वी, शाळा सुटल्यानंतर व सुटीच्या दिवसांत चालविण्यात येणारी देखभाल, शिक्षण आणि विरंगुळा यांची सार्वजनिक व्यवस्था. स्वीडिश भाषेत ‘फ्रीटिड’ म्हणजे फावला वेळ व ‘हेम’ म्हणजे घर. त्यामुळे ‘फावल्या वेळेचे घर’ असा या संज्ञेचा शब्दशः अर्थ होतो. साधारणतः सहा ते बारा वर्षे वयाची मुले तीत सामावून घेतली जातात. लहान वयाची मुले तीत अधिक असून सहा ते नऊ या वयोगटातील दर दहा मुलांपैकी सुमारे आठ मुले फ्रीटिड्सहेममध्ये जातात. पाळणाघर तान्ह्या व शाळापूर्व वयाच्या मुलांना सांभाळते, तर शाळा ठराविक तासांपुरतीच मुलांची जबाबदारी घेते. या दोहोंच्या कक्षेबाहेर राहणाऱ्या तासांची सोय लावणे, हे फ्रीटिड्सहेमचे मूळ प्रयोजन होय.

या संस्थेला शंभराहून अधिक वर्षांचा इतिहास आहे. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस गरीब मुलांना काम देणारे श्रमगृह म्हणून तिचा उगम झाला. १९३०–४० च्या सुमारास तिला दुपारच्या घराचे रूप आले. १९६० नंतर ती नोकरदार मातापित्यांच्या मुलांचे फावल्या वेळेचे घर बनली आणि १९९६ नंतर शिक्षणव्यवस्थेचा भाग झाली. मुलांचे तास तेच राहिले. त्या तासांत मुलांनी काय करावे याविषयीची समाजाची कल्पना मात्र प्रत्येक टप्प्यावर बदलत गेली.

पार्श्वभूमी : स्वीडनमध्ये १८४२ च्या आदेशानुसार प्रत्येक पॅरिशमध्ये लोकशाळा स्थापन करणे बंधनकारक झाले. त्यानंतरच्या दशकांत उद्योगधंद्यांची वाढ होऊन ग्रामीण कुटुंबे मोठ्या प्रमाणावर शहरांत आली. स्टॉकहोमची लोकसंख्या १८५० मध्ये सुमारे ९३,००० होती. ती १९०० मध्ये सुमारे तीन लाखांवर गेली. एकाच खोलीत राहणाऱ्या कामगार कुटुंबांतील आईवडील दोघेही दिवसभर कामावर असत. १८८१ च्या नियमाने बारा वर्षांखालील मुलांना कारखान्यांत कामावर ठेवण्यास मनाई करण्यात आली. कारखाना बंद झाला आणि शाळा काही तासांपुरतीच उघडी, अशा स्थितीत पुष्कळशी मुले दिवसाचा उरलेला भाग रस्त्यावर काढू लागली. भीक मागणे, किरकोळ वस्तू विकत हिंडणे व प्रसंगी चोऱ्या करणे या गोष्टी त्यांतून उद्‌भवतात, अशी चिंता शहरातील सुखवस्तू वर्गात व्यक्त होऊ लागली. बालमजुरीवरील निर्बंध व सक्तीचे शिक्षण या दोन सुधारणांनीच शाळेनंतरच्या मोकळ्या तासांचा प्रश्न निर्माण केला, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे; कारण ज्या समाजात मूल सकाळपासून रात्रीपर्यंत शेतात वा कामाच्या ठिकाणी वडीलमाणसांबरोबर असते, तेथे असा प्रश्न वेगळा उभा राहत नाही.

श्रमगृहे : या परिस्थितीत आना ईर्टा-रेट्‌सीउस (१८४१–१९२४) यांनी १८८७ साली स्टॉकहोमच्या आडॉल्फ फ्रेड्रिक पॅरिशमध्ये पहिले ‘आर्बेट्सस्टूगा’ म्हणजे श्रमगृह सुरू केले. आफ्टॉनब्लाडेट या वृत्तपत्राचे संस्थापक लार्स यूहान ईर्टा हे त्यांचे वडील व शरीरशास्त्रज्ञ गुस्टाव्ह रेट्‌सीउस हे त्यांचे पती होत. श्रमगृहात सात ते चौदा वर्षांच्या गरीब मुलामुलींना शाळेनंतर काही तास हस्तव्यवसाय शिकविले जात. टोपल्या व चटया विणणे, सुतारकाम, शिवणकाम, कुंचले तयार करणे, जुन्या पादत्राणांची दुरुस्ती इ. कामे मुले करीत. कामाचा मोबदला म्हणून त्यांना गरम जेवण मिळे. फुकट मिळालेले अन्न मुलाला परावलंबी बनविते, तर कष्टाने मिळविलेले अन्न त्याचा स्वाभिमान जागवते, अशी या व्यवस्थेमागील विचारसरणी होती.

श्रमगृहांच्या कल्पनेला तत्कालीन शिक्षणविचाराचीही जोड होती. ऑटो सालोमॉन (१८४९–१९०७) यांनी नेस येथे शिक्षकांसाठी चालविलेल्या हस्तव्यवसाय-विद्यालयामुळे ‘स्लॉइड’ ही पद्धती याच काळात युरोप-अमेरिकेत प्रसिद्धीस आली. हाताच्या कामाने बुद्धी, दृष्टी व चारित्र्य यांचा विकास होतो, हे तिचे सूत्र होते. तथापि स्लॉइड हे सर्व मुलांच्या शिक्षणाचे अंग म्हणून मांडले गेले, तर श्रमगृह हे केवळ गरिबांच्या मुलांसाठी होते. त्यात शिक्षणाइतकाच शिस्तीचा व बंदोबस्ताचा हेतू होता. मुलांना खेळण्यासाठी स्वतंत्र अवकाश तेथे फारसा नव्हता. किंबहुना बेवारस मोकळा वेळ हाच धोका मानला गेला होता. असे असले, तरी उपाशी मुलांना पोटभर अन्न, उबदार खोली व सांभाळणारी वडीलमाणसे या संस्थेने पुरविली, हे तिचे कार्य मोलाचे होते. लवकरच स्वीडनमधील इतर शहरांत व फिनलंडमध्येही अशी श्रमगृहे निघाली.

नॉरबॉटनमधील श्रमगृहे : स्वीडनच्या अतिउत्तरेकडील नॉरबॉटन प्रांतात १९०२ साली पिके बुडून दुष्काळ पडला. त्यानंतर १९०३ पासून तेथे निवासी स्वरूपाची श्रमगृहे स्थापन करण्यात आली. गावे विरळ व शाळा दूर असल्याने मुलांना घर सोडून वर्षाचा बराचसा काळ तेथेच राहावे लागे. शाळेव्यतिरिक्तच्या वेळात स्वयंपाकघरातील कामे, विणकाम, लाकूडकाम इ. त्यांच्याकडून करवून घेतले जाई. टोर्ने नदीच्या खोऱ्यातील पुष्कळ मुलांची मातृभाषा म्येनकिएली अथवा फिनिश होती. परंतु श्रमगृहात त्यांना स्वीडिशच बोलावे लागे व मातृभाषेत बोलल्याबद्दल शिक्षाही होत. ही श्रमगृहे १९५४ पर्यंत चालली आणि तोवर पाच हजारांहून अधिक मुले त्यांतून गेली. दुष्काळनिवारणाचे साधन म्हणून आरंभ झालेल्या संस्थेचा अशा प्रकारे सीमाप्रदेशाच्या स्वीडिशीकरणासाठी उपयोग झाला. पुढे २००० साली म्येनकिएलीला स्वीडनमधील राष्ट्रीय अल्पसंख्य भाषेचा दर्जा मिळाला, तर या समाजांवर झालेल्या अन्यायाची चौकशी करण्यासाठी नेमलेल्या सत्य व समेट आयोगाने नोव्हेंबर २०२३ मध्ये आपला अंतिम अहवाल सादर केला. त्या अहवालात श्रमगृहांतील अनुभवांचीही दखल घेण्यात आली. शालाबाह्य वेळेची देखभाल ही केवळ सोय नसून मुलाच्या भाषेवर व मनावर अधिकार गाजविणारी शक्तीही असू शकते, हे या उदाहरणावरून स्पष्ट होते.

दुपारची घरे : विसाव्या शतकाच्या आरंभी बालकाकडे पाहण्याची दृष्टी पालटू लागली. एलेन केय (१८४९–१९२६) यांनी १९०० साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात नव्या शतकाला ‘मुलाचे शतक’ म्हटले आणि मुलाच्या व्यक्तिमत्त्वाला मान देणाऱ्या संगोपनाचा पुरस्कार केला. एलेन व मारिया मूबेर्य या भगिनींनी १९०४ मध्ये नॉरशपिंग या औद्योगिक शहरात कामगारांच्या मुलांसाठी फ्रबेलच्या तत्त्वांवर बालोद्यान सुरू केले व पुढे शिक्षिकांच्या प्रशिक्षणाचीही सोय केली. खेळ हे बालकाच्या विकासाचे स्वाभाविक साधन आहे, हा विचार त्यामुळे शाळापूर्व शिक्षणात रुजला आणि हळूहळू मोठ्या मुलांच्या संस्थांतही शिरला.

या विचाराला सामाजिक धोरणाचे स्वरूप देण्यात आल्वा मीर्दाल (१९०२–८६) यांचा वाटा मोठा होता. स्वीडनमधील जननप्रमाण घटल्यामुळे १९३४ मध्ये त्यांनी व त्यांचे पती, अर्थशास्त्रज्ञ गन्नार मीर्दाल यांनी लोकसंख्येच्या प्रश्नावर एक ग्रंथ लिहिला. मुलांच्या संगोपनाचा खर्च व भार समाजाने वाटून घेतला पाहिजे, असे त्यात प्रतिपादन केले होते. १९३५ मध्ये आल्वा मीर्दाल यांनी शहरी मुलांविषयी स्वतंत्र पुस्तक लिहून बालसंगोपन-केंद्रे ही दानधर्माची बाब नसून सर्व थरांतील मुलांची गरज आहे, असे मत मांडले. त्यांच्या पुढाकाराने १९३६ साली स्टॉकहोम येथे सामाजिक अध्यापनशास्त्राचे प्रशिक्षण विद्यालय सुरू झाले. पुढे १९५५ ते १९६१ या काळात त्या भारतातील स्वीडनच्या राजदूत होत्या व निःशस्त्रीकरणाच्या कार्यासाठी १९८२ चे शांततेचे नोबेल पारितोषिक त्यांना विभागून मिळाले.

या वैचारिक बदलाच्या ओघात श्रमगृहांचे रूपांतर ‘एफ्टरमिड्डाग्सहेम’ म्हणजे दुपारच्या घरांत होऊ लागले. विक्रीयोग्य वस्तू बनविण्याऐवजी गृहपाठ, मुक्त खेळ, वाचन, चित्रकला व अल्पोपाहार यांना तेथे प्राधान्य मिळाले. संस्थेचा आदर्श कारखान्याऐवजी घर हा झाला. १९४० च्या दशकात राज्याकडून दिवसा चालणाऱ्या बालकेंद्रांना अनुदान मिळू लागले आणि दुपारच्या घरांचाही त्यात समावेश झाला. तरीही त्यांची संख्या मर्यादितच राहिली. आईने घरी असावे, हा त्या काळचा सर्वमान्य संकेत होता. त्यामुळे दुपारच्या घरात जाणारे मूल म्हणजे काही कारणाने घर अपुरे पडलेले मूल, असा समज टिकून राहिला.

फावल्या वेळेचे घर : १९६० नंतर हा समज मागे पडला. वाढत्या उद्योगांना व सार्वजनिक सेवांना मनुष्यबळ हवे होते आणि विवाहित स्त्रिया मोठ्या संख्येने नोकरी करू लागल्या. १९७१ पासून पतिपत्नींच्या उत्पन्नावर स्वतंत्र करआकारणी सुरू झाल्याने स्त्रियांच्या नोकरीला अधिक चालना मिळाली. दुसरीकडे १९६२ पासून नऊ वर्षांची एकसंध मूलभूत शाळा अस्तित्वात आली होती. परंतु लहान वर्गांचा दिवस दुपारीच संपत असे. गळ्यात घराची किल्ली अडकवून रिकाम्या घरी परतणाऱ्या मुलांना ‘नीक्केलबार्न’ (किल्लीची मुले) असे नाव पडले व त्यांचा प्रश्न सार्वजनिक चर्चेचा विषय झाला. स्टॉकहोममध्ये डिसेंबर महिन्यात दुपारी तीनच्या आतच सूर्यास्त होतो, हे लक्षात घेतल्यास या प्रश्नाची तीव्रता कळून येते.

याच दशकात फ्रीटिड्सहेम ही संज्ञा रूढ झाली आणि तीत काम करणाऱ्या ‘फ्रीटिड्सपेडागोग’ या व्यावसायिकांचे स्वतंत्र प्रशिक्षणही सुरू झाले. १९६८ साली नेमलेल्या बालकेंद्र चौकशी समितीने शाळापूर्व शिक्षणाविषयी १९७२ मध्ये, तर मुलांच्या फावल्या वेळेविषयी १९७४ मध्ये अहवाल दिला. प्रौढ व मूल यांच्यातील परस्परसंवाद, गटातील सहजीवन आणि मुलांच्या स्वतःच्या अनुभवांतून होणारे शिक्षण ही तत्त्वे समितीने पुढे मांडली. शालेय कामकाजाचा विचार करणाऱ्या दुसऱ्या एका समितीनेही १९७४ मध्येच शाळा व शालाबाह्य उपक्रम यांचा मिळून एकसंध शालेय दिवस असावा, अशी शिफारस केली. १९७७ पासून अंमलात आलेल्या बालसंगोपन कायद्याने नगरपालिकांवर फ्रीटिड्सहेमच्या नियोजनाची जबाबदारी टाकली.

या काळातील फ्रीटिड्सहेम पुष्कळदा निवासी इमारतीतील सदनिकेत वा शाळेजवळील छोट्या घरात असे. तेथे स्वयंपाकघर, कोच, सुतारकामाची खोली व अंगण असे आणि गट लहान असल्याने कर्मचारी प्रत्येक मुलाला जवळून ओळखत. मुले स्वयंपाकात मदत करीत, जवळच्या अरण्यात सहलीला जात, बर्फावर घसरगाड्या चालवीत. शाळेत तास व घंटा यांचे राज्य, तर येथे मुलांच्या निवडीला वाव, अशी दोन संस्थांची परस्परपूरक वाटणी होती. १९८८ मध्ये सामाजिक कल्याण मंडळाने फ्रीटिड्सहेमसाठी शैक्षणिक कार्यक्रम प्रसिद्ध केला आणि या वाटणीला अधिकृत मान्यता मिळाली.

शिक्षणव्यवस्थेत समावेश : १९९० च्या दशकारंभी स्वीडनवर आर्थिक संकट आले. नगरपालिकांनी खर्च कमी करण्यासाठी स्वतंत्र जागा सोडून फ्रीटिड्सहेम शाळांच्या इमारतींत हलविली. त्याच वेळी, १९९५ पासून, नोकरी करणाऱ्या वा शिकणाऱ्या मातापित्यांच्या बारा वर्षांपर्यंतच्या मुलांना जागा उपलब्ध करून देणे नगरपालिकांना कायद्याने बंधनकारक झाले. जागा व पैसा कमी आणि मुले अधिक, असा हा पेच होता. गटातील मुलांची सरासरी संख्या १९९० मध्ये सुमारे १८ होती. ती २०१४ पर्यंत ४१ च्या आसपास गेली.

जुलै १९९६ मध्ये फ्रीटिड्सहेमची प्रशासकीय जबाबदारी समाजकल्याण खात्याकडून शिक्षण खात्याकडे आली आणि १९९८ पासून शाळेचा अभ्यासक्रम फ्रीटिड्सहेमलाही लागू करण्यात आला. २००२ मध्ये शुल्कावर कमाल मर्यादा घालण्याची पद्धत सुरू झाल्याने ही सेवा बहुतेक कुटुंबांच्या आवाक्यात आली. २०१० च्या शिक्षण कायद्यानुसार मुलांचा विकास व अध्ययन यांना चालना देणे, तसेच त्यांना अर्थपूर्ण फावला वेळ व विरंगुळा मिळवून देणे ही दोन्ही उद्दिष्टे फ्रीटिड्सहेमवर सोपविण्यात आली. मूल ज्या वर्षी तेरा वर्षांचे होते, त्या वर्षाच्या वसंतसत्रापर्यंत त्याला ही सेवा मिळू शकते. दहा वर्षांपुढील मुलांसाठी तिच्याऐवजी खुले उपक्रम चालविण्याची मुभा आहे. २०१६ मध्ये अभ्यासक्रमात फ्रीटिड्सहेमसाठी स्वतंत्र विभाग घालण्यात आला. भाषा व संप्रेषण, सर्जनशील आविष्कार, निसर्ग व समाज, खेळ, शारीरिक हालचाल व मैदानी जीवन हे विषय त्यात येतात. जुलै २०१९ पासून अध्यापनाची जबाबदारी अधिकृत परवानाधारक शिक्षकाकडेच असावी, असा नियम झाला. तथापि अशा शिक्षकांची उणीव मोठी असल्याने अनेक ठिकाणी अप्रशिक्षित कर्मचाऱ्यांवर अवलंबून राहावे लागते.

दिनक्रम : अनेक फ्रीटिड्सहेम सकाळी सहा-साडेसहाच्या सुमारास उघडतात. कामावर लवकर जाणाऱ्या मातापित्यांची मुले तेथे न्याहारी करून वर्गात जातात. शाळा सुटल्यावर हजेरी होते. त्यानंतर पाव, लोणी, चीज, दूध व फळे असा अल्पोपाहार दिला जातो. मग काही वेळ मैदानावर व काही वेळ आत, अशी विभागणी असते. पावसाळी वा हिमवर्षावाच्या दिवशीही योग्य कपडे घालून मुलांनी बाहेर खेळावे, असा स्वीडिश प्रघात आहे. शिवणकाम, पटावरील खेळ, चेंडूचे खेळ, नाट्य, वाचन यांपैकी आपल्याला हवा तो उपक्रम मुले निवडतात. पाच-सहाच्या सुमारास पालक मुलांना घेऊन जातात. मोठी मुले पालकांच्या संमतीने ठरलेल्या वेळी एकटी घरी जातात. शाळेच्या सुट्यांत हा कार्यक्रम दिवसभर चालतो.

अन्य देशांतील प्रयत्न : याच स्वरूपाच्या चळवळी इतरत्रही उदयास आल्या. जर्मनीत ‘होर्ट’ या नावाने शाळकरी मुलांची केंद्रे निघाली. इंग्लंडमध्ये कादंबरीकर्त्री मेरी ऑगस्टा वॉर्ड (१८५१–१९२०) यांनी लंडनमध्ये मुलांसाठी सायंकालीन क्रीडाकेंद्रे सुरू केली. त्यांच्या प्रयत्नांमुळे १९०७ च्या शिक्षणविषयक कायद्यात स्थानिक शिक्षणसंस्थांना अशी केंद्रे चालविण्याचा अधिकार देणारे कलम समाविष्ट झाले. श्रमगृहांत कामाला जे स्थान होते, ते वॉर्ड यांच्या केंद्रांत खेळाला होते. भारतात जवाहरलाल नेहरूंच्या प्रेरणेने १९५६ मध्ये दिल्लीत बालभवन स्थापन झाले. मात्र छंद व कला यांना उत्तेजन हा त्याचा हेतू असून रोजची देखभाल हा नव्हे. १९६९ मध्ये दिल्लीत सुरू झालेल्या मोबाइल क्रेशेस या संस्थेने बांधकाम-मजुरांच्या मुलांसाठी कामाच्या जागीच पाळणाघरे उघडली. महाराष्ट्रात १९४१ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या सायंकालीन शाखांनी मुलांच्या खेळाला संस्काराची जोड दिली. शहरी कुटुंबांत शाळा सुटल्यानंतर मुलांची जबाबदारी मुख्यत्वे आजीआजोबा, शेजारी, खाजगी पाळणाघरे व शिकवण्या यांच्यावर पडते. स्वीडनप्रमाणे ती कायद्याने स्थानिक शासनावर टाकलेली नाही.

मूल्यमापन : गरिबांसाठी असलेली एक दानशूर संस्था सर्व थरांतील मुलांच्या हक्काची सेवा बनली, हे फ्रीटिड्सहेमच्या इतिहासातील मोठे यश होय. तिच्यामुळे मातांना अर्थार्जन करणे शक्य झाले व ‘किल्लीची मुले’ हा प्रश्न बव्हंशी सुटला. वेगवेगळ्या आर्थिक व भाषिक पार्श्वभूमीची मुले तेथे एकत्र खेळतात, हाही तिचा लक्षणीय गुण आहे. तिच्यावरील आक्षेप मुख्यतः दोन प्रकारचे आहेत. मोठे गट व शाळेच्याच वर्गखोल्या यांमुळे घर हे तिच्या नावातील पद अर्थहीन होऊ लागले आहे, हा पहिला आक्षेप. दुसरा आक्षेप असा, की अध्ययनाची उद्दिष्टे, नोंदी व मूल्यांकन यांच्या आगमनाने शालेय दिवस केवळ लांबला असून मुलाचा फावला वेळ संकोचला आहे. यावर, नियोजित व दर्जेदार शिक्षण न मिळाल्यास ही केंद्रे मुले सांभाळण्याच्या जागा होऊन राहतील व त्याचा तोटा घरी आधार नसलेल्या मुलांनाच सर्वांत जास्त होईल, असे उत्तर दिले जाते. १८८७ मध्ये मुलाला काम देऊन त्याचे तास सुरक्षित करण्यात आले. पुढे ते खेळाने व नंतर शिक्षणाने भरण्यात आले. त्या तासांपैकी किती मुलाने आपल्या इच्छेने घालवावेत, हा प्रश्न मात्र प्रत्येक पिढीला नव्याने सोडवावा लागला आहे.